लग्नसराई, ब्लाऊजचे माप आणि बीपीचा पट्टा

'तब्येत सुधारली हो तुमची!' हे वाक्य आपल्याकडे दोन प्रकारे बोलले जाते. टायफॉइडमधून उठलेल्या माणसाला म्हटले तर ती आपुलकीची विचारपूस असते. लग्नाच्या मांडवात चार वर्षांनी भेटलेल्या मावशीला म्हटले तर तो चिमटा असतो. माझ्या लहानपणी या वाक्यात चिमटा नव्हता. 'खात्यापित्या घरची', 'अंगाने भरलेली' अशी विशेषणे स्थळ सांगताना कौतुकाने वापरली जात. क्षय, हिवताप आणि जंत यांनी माणसे वाळत होती, त्या काळात अंगावरचे मांस ही घरात धान्य असल्याची खूण होती. आता तेच मांस आळसाची आणि खादाडपणाची खूण समजले जाते.

हा फरक मला दवाखान्यात सर्वांत जास्त जाणवतो तो लग्नसराईत. तुळशीचे लग्न आटोपले की सुरुवात होते. "डॉक्टर, भावाच्या लग्नाला महिना आहे, आठ किलो उतरवायचे आहेत." कशासाठी, असे विचारावे तर रक्तदाब नाही, साखर नाही, गुडघ्यांचीही तक्रार नाही. ब्लाऊज अंगात जात नाही, हे कारण असते. आणि त्यावरून सासूबाई, नणंद किंवा नवरा काय बोलला, ते मागाहून हळूच बाहेर येते. सांगता सांगता डोळे भरून येतात. आठ किलोंचे औषध माझ्याकडे नसते, पण त्या रडण्याकडे मी वैद्यकीय लक्षण म्हणूनच पाहते. तेव्हा या आठवड्यात आहाराचा तक्ता देणार नाही. कपडे, चेष्टा आणि प्रकृती या तिघांचा एकमेकांशी काय संबंध आहे ते पाहू.

आधी कपड्यांचे. आपली नऊवारी घ्या. कोळणीची असो, आगरी बाईची असो की देशावरची, तिला माप नाही. चाळीस किलोच्या मुलीला आणि नव्वद किलोच्या आजीला लुगडे तेच. नेसताना थोडे इकडचे तिकडे केले की झाले. धोतराचेही तसेच. चोळी-ब्लाऊज शिवावा लागे, पण तो अंगावर माप घेऊन. आणि शिंपी शिवणीच्या आत दोन बोटे कापड राखून ठेवी. या राखलेल्या कापडाला शिंपी 'माया' म्हणतात. बाळंतपणानंतर अंग भरले की आतली माया सोडायची, शिवण पुढे सरकवायची, ब्लाऊज पुन्हा अंगाला येतो. हा शब्द ज्या कोणा शिंप्याने रूढ केला तो समजूतदार असला पाहिजे. मुलांचे कपडे तर 'वाढत्या अंगाचे'च शिवत. शरीर बदलणार, हे त्या सगळ्या व्यवहारात आधीच मान्य केलेले होते.

तयार कपडे आले आणि हे उलटे झाले. स्मॉल, मीडियम, लार्ज, एक्सएल, डबल एक्सएल. आता माप कपड्याचे, आणि अंगाने त्यात बसायचे. त्यातही ही मापे आपल्या अंगांवरून काढलेली नाहीत. अमेरिका आणि ब्रिटनमधील तक्त्यांत थोडेफार फेरफार करून आपल्याकडे बरेचसे तयार कपडे बेतले जातात. म्हणून एका दुकानातला एल दुसऱ्या दुकानात एक्सएल होतो, आणि खांद्याला छान बसलेला कुर्ता पोटाशी अडतो. भारतीय शरीरांचा स्वतंत्र तक्ता असावा यासाठी राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे निफ्टने, 'इंडियासाइझ' नावाची पाहणी हाती घेतली. मुंबईसह सहा शहरांत १५ ते ६५ वयाच्या २५ हजार लोकांची मापे त्रिमितीय यंत्राने घ्यायची, अशी ती योजना. सरकारला एवढा खटाटोप करावासा वाटला यावरूनच ओळखा, की कपडे बदलण्याच्या खोलीत अडकलेल्या कुर्त्याचा दोष दर वेळी तुमच्या अंगाचा नसतो. माझ्याकडे येणाऱ्या कॉलेजच्या मुली मात्र तो दोष स्वतःकडेच घेतात. एकीने मला सांगितले, "मॅडम, दुकानातल्या मुलीने मला नुसते पाहिले आणि म्हणाली, तुमच्या साइझचे नाही. मी अजून काही मागितलेही नव्हते." ती त्या दुकानातून थेट घरी गेली आणि दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी चक्कर आली म्हणून माझ्याकडे.

मोठ्या अंगाच्या बाईलाही नटावेसे वाटते, हे कापडवाल्यांच्या ध्यानात यायला फार उशीर लागला. वर्षानुवर्षे तिच्या वाट्याला गडद रंग, उभ्या रेघा आणि तंबूसारखे गाऊन. २०१६ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या लॅक्मे फॅशन वीकमध्ये मोठ्या मापाच्या मॉडेल्स रीतसर निवड होऊन मंचावर चालल्या. त्यांच्यासाठी कपडे केले होते मुंबईच्या शिल्पा चव्हाण यांनी. त्याच वर्षी सचिन कुंडलकर यांचा 'वजनदार' हा चित्रपट आला. सई ताम्हणकर आणि प्रिया बापट यांनी त्यासाठी मुद्दाम वजन वाढवले होते. २०२० साली 'सुंदरा मनामध्ये भरली' ही मालिका सुरू झाली. तिची नायिका लतिका जाड, आणि ते काम करणाऱ्या अक्षया नाईक याही खरोखरच भरल्या अंगाच्या. त्याआधी आपल्या पडद्यावर जाड बाई म्हणजे हसण्यासाठी असे. उमादेवी या १९४७ च्या 'दर्द' चित्रपटातल्या गाजलेल्या गायिका. पण लोकांच्या लक्षात राहिल्या त्या 'टुणटुण' म्हणून, आणि पुढे ते नाव शाळाशाळांतून मुलींना चिडवायला वापरले गेले. २०२१ च्या जानेवारीत अभिनेत्री वनिता खरात यांनी एका कॅलेंडरसाठी वस्त्राविना छायाचित्र काढू दिले, त्यावर बरीच उलटसुलट चर्चा झाली. वस्त्र हवे की नको यावर मी मत देत नाही. पण 'मला माझ्या शरीराची लाज वाटत नाही' हे एका मराठी मुलीने उघड सांगितले, याचा परिणाम मी दवाखान्यात पाहिला. त्यानंतरच्या काही महिन्यांत दोन-तीन तरुण मुली वजनाच्या काट्यावर उभ्या राहताना प्रथमच डोळे मिटून घेत नव्हत्या.

इथे काही वाचक मनात म्हणत असतील, "डॉक्टरीणबाई, म्हणजे जाड राहायला हरकत नाही असे तुमचे म्हणणे?" नाही. अंगातली, विशेषतः पोटातली चरबी वाढली की मधुमेह, रक्तदाब, यकृतात चरबी साठणे, हृदयविकार, गुडघ्यांची झीज, झोपेत श्वास अडकणे, पाळीच्या तक्रारी आणि काही प्रकारचे कर्करोग यांचा धोका वाढतो. त्यावर मी या सदरात पूर्वीही लिहिले आहे आणि पुढेही लिहीन. प्रश्न असा आहे की चेष्टेने ही चरबी कमी होते का? आपल्या समाजाची पक्की समजूत अशी की होते. 'बोलल्याशिवाय अक्कल येत नाही', 'तिच्या भल्यासाठीच म्हणतो.' लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी सुमारे तीन हजार प्रौढांची चार वर्षांची माहिती तपासली आणि २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. वजनावरून आपल्याला वाईट वागवले जाते असे ज्यांनी सांगितले, त्यांचे वजन या काळात सरासरी जवळजवळ एक किलोने वाढले. ज्यांना तसा अनुभव नव्हता, त्यांचे सरासरी पाऊण किलोच्या आसपास घटले. टोमण्यांनी माणूस खचतो, खचलेला माणूस घराबाहेर पडत नाही, चार लोकांत चालायला लाजतो, आणि एकटा असताना खातो. यात मला तरी नवल वाटत नाही. दुपारी सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरात उभ्याने शेवेचा डबा संपवणाऱ्या किती बायका मला ठाऊक आहेत. सगळ्यांदेखत ताटात फक्त अर्धी भाकरी असते.

याहून गंभीर नुकसान दुसरेच आहे. चेष्टेला भ्यायलेला रुग्ण डॉक्टरकडे यायचे टाळतो. आमच्या व्यवसायातही जाड रुग्ण दिसला की कान दुखो की कंबर, 'आधी वजन कमी करा' असे सांगून मोकळे होण्याची खोड आहे. आठवड्याभराची धाप असो, पायाला आलेली सूज असो, उत्तर तेच. मार्च २०२० मध्ये जगभरातील तज्ज्ञांनी 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात एक संयुक्त निवेदन काढून जाड माणसांना दिली जाणारी अशी वागणूक थांबवण्याचे आवाहन केले. त्यात डॉक्टर मंडळींनाही वगळले नव्हते.

एक उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. बावन्न वर्षांची बाई, वजन ९४ किलो. पाळी जाऊन तीन वर्षे झालेली. मध्येच कधीतरी लाल डाग दिसू लागले. एका ठिकाणी दाखवले, तर तपासणीच्या टेबलाकडे पाहून तिथल्या माणसाने काहीतरी विनोद केला आणि 'वजनामुळे हार्मोन बिघडतात, आधी वीस किलो कमी करून या' असे सांगून परत पाठवले. बाईंनी ते खरे मानले. आठ महिने भात सोडला, संध्याकाळचे जेवण सोडले, तीन किलो उतरले. डाग चालूच. वीस किलो झाल्याशिवाय कोणत्या तोंडाने जायचे, म्हणून कुठे गेल्याच नाहीत. माझ्याकडे आल्या त्या नातवाचा खोकला घेऊन, आणि उठता उठता दारात हे सांगितले.

पाळी कायमची गेल्यावर एक थेंब रक्त दिसले तरी सोनोग्राफी आणि गरज पडल्यास गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासणे आवश्यक असते. बाई जाड असेल तर ही निकड जास्त असते, कमी नव्हे. कारण पाळी गेल्यावर बीजांडकोश थकले तरी चरबीच्या पेशी स्त्री-संप्रेरक तयार करत राहतात. त्याला आवर घालणारे दुसरे संप्रेरक नसते, त्यामुळे गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते आणि काहींत तिथे कर्करोग सुरू होतो. या बाईंच्या अस्तरात तो सापडला. सुदैवाने गर्भाशयाबाहेर गेला नव्हता. मुंबईत शस्त्रक्रिया झाली, आज त्या बऱ्या आहेत आणि वजन ९२ किलो आहे. पण ते आठ महिने वाया गेले ते चरबीमुळे नाही.

आता 'जाड' कोणाला म्हणायचे? काट्यावरचा आकडा आणि उंची यांवरून आम्ही बीएमआय काढतो. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीने दोनदा भागायचे. पाच फूट एक इंच उंचीच्या, ६५ किलोच्या बाईचा बीएमआय सुमारे २७ येतो. हे सूत्र १८३० च्या दशकात केतले नावाच्या बेल्जियन गणितज्ञाने मांडले. 'सरासरी माणूस' कसा असतो, हे त्याला पाहायचे होते, एखाद्याचा आजार ओळखण्यासाठी ते नव्हतेच. बीएमआय हे नाव १९७२ साली अमेरिकेतल्या अँसेल कीज यांनी रूढ केले. पाश्चात्त्यांसाठी २५ च्या वर जादा वजन आणि ३० च्या वर लठ्ठपणा धरतात. आपल्यासाठी भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये हे आकडे खाली आणले. २३ पासून जादा वजन, २५ पासून लठ्ठपणा. आपल्याला वेगळा न्याय का, याचे उत्तर पुण्याने दिले आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे मित्र डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आपलाच फोटो छापला. दोघे शेजारी उभे, दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पाहणारा म्हणेल दोघेही सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के, आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! म्हणजे कपड्यांचे माप एकच, आतला माल निराळा. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुले यांचा अभ्यास चालवला. तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे स्नायूंनी आणि बाकी अवयवांनी लहान, पण कातडीखालची चरबी त्या मानाने राखलेली. पोटात असताना आईला पुरेसे अन्न मिळाले नाही की शरीर चरबी जपून ठेवायला शिकते, असा त्याचा अर्थ लावला जातो. म्हणून आपल्याकडे बारीक दिसणारा माणूसही चाळिशीत मधुमेही निघतो.

याचा व्यवहारातला परिणाम उलटा-सुलटा होतो. जाड सून ताटावर बोलणी खाते आणि तिला बोलणारे सडपातळ सासरे, ज्यांचे हातपाय काड्या आणि पोट नारळासारखे, ते साखर तपासायला तयार नसतात. 'मला काय धाड भरली आहे, माझी पँट अजून चौतीसचीच आहे.' पँट चौतीसचीच असते, कारण ती दरवर्षी बोटभर खाली सरकते आणि पोट तिच्यावरून पुढे येते. पुरुषांचा पट्टा जिथे असतो ती कंबर नव्हे. माझ्या दवाखान्यातला अनुभव असा की, नव्याने सापडलेल्या मधुमेही पुरुषांत 'मी जाड नाही' असे म्हणणारेच अधिक. त्यांची कोणी चेष्टा करत नाही, उलट 'शेठ' म्हणतात. आपण लंबोदराची आरती करतो, शेठजींच्या पोटाला मान देतो, आणि चेष्टेला सून शोधतो.

तेव्हा दिसण्यावर जाऊ नका, मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न ओढता टेप लावा. बायकांत ८० सेंटिमीटर म्हणजे साडेएकतीस इंच आणि पुरुषांत ९० सेंटिमीटर म्हणजे साडेपस्तीस इंच, यापुढे गेले तर पोटातली चरबी जास्त समजावी. टेप नसेल तर दोरा घ्या. डोक्यापासून पायापर्यंत आपल्या उंचीएवढा तोडा, मधोमध दुमडा आणि पोटाभोवती गुंडाळा. दोन टोके भेटली तर उत्तम. नाही भेटली तर साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल तपासायला या, मग काट्यावरचा आकडा काहीही असो. जानेवारी २०२५ मध्ये लॅन्सेटच्याच एका आंतरराष्ट्रीय आयोगाने हेच वेगळ्या शब्दांत सांगितले. नुसत्या बीएमआयवरून कोणाला आजारी ठरवू नये. चरबी जास्त आहे पण अवयव ठीक आहेत ही एक अवस्था, आणि चरबीमुळे अवयवांचे काम बिघडले आहे ही दुसरी. पहिलीत लक्ष ठेवायचे, दुसरीत उपचार करायचे. आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के स्त्रियांचा बीएमआय २५ किंवा त्याहून अधिक निघाला, आणि त्याच पाहणीत सुमारे १९ टक्के स्त्रिया अजून कृश होत्या. एकाच आळीत दोन्ही प्रकार राहतात, हे मला रोज दिसते.

जाडी ही जिभेची चूक, ही समजूतही अर्धीच खरी आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून वजनातल्या फरकाचा ४० ते ७० टक्के भाग आनुवंशिक धरला जातो. थायरॉइड मंद असणे, बीजांडकोशाचा पीसीओएस हा विकार, सांधेदुखीसाठी परस्पर घेतलेल्या स्टेरॉइडच्या पुड्या, इन्सुलिन, मनोविकारांवरची काही औषधे यांनीही वजन वाढते. रात्रपाळी आणि अपुरी झोप यांचा हात आहेच. कळंबोली-तळोज्याच्या कारखान्यांत पाळ्या करणाऱ्यांना हे सांगायला नको. शिवाय शरीर आपले वजन सहजी सोडत नाही. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला ५० जाड व्यक्तींना दहा आठवडे अगदी कमी उष्मांकांचा आहार देऊन वजन उतरवले. एका वर्षानंतरही त्यांच्या रक्तातील भूक वाढवणारी संप्रेरके पूर्वीपेक्षा चढलेलीच होती, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. 'महिन्यात दहा किलो'वाल्यांचे वजन लग्नानंतर व्याजासह का परत येते, ते यावरून कळेल. मी पाच ते दहा टक्क्यांचेच ध्येय देते, तेही सहा महिन्यांत. ९० किलोच्या माणसाने पाच-सात किलो उतरवले तरी साखर आणि रक्तदाब यांत फरक पडतो. ब्लाऊज मात्र तेवढ्याने अंगात जाणार नाही. तो नवा शिवा, आणि माया भरपूर ठेवायला सांगा. २०२५ पासून आपल्याकडेही आठवड्याला एकदा घ्यायची वजनाची नवी इंजेक्शने मिळू लागली आहेत. योग्य रुग्णात ती गुणकारी आहेत, पण महाग आहेत, थांबवली की वजन बहुधा परत वाढते, आणि मळमळीपासून स्वादुपिंडाच्या सुजेपर्यंत त्यांचे त्रास आहेत. लग्नातल्या फोटोसाठी ती घेऊ नयेत.

कपड्यांसारखेच माप आमच्या बीपीच्या पट्ट्यालाही असते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. दंडाच्या मध्याचा घेर ३२ सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर मोठा पट्टा लागतो, ४० च्या वर असेल तर त्याहूनही मोठा. बहुतेक दवाखान्यांत आणि घरी आणलेल्या यंत्रांत एकच मधला पट्टा असतो. तो जाड दंडावर ओढूनताणून लावला की रक्तदाब खोटा जास्त दिसतो. अमेरिकेत बाल्टिमोर येथे २०२३ मध्ये झालेल्या अभ्यासात मोठा पट्टा लागणाऱ्यांचा वरचा आकडा मधल्या पट्ट्याने सुमारे ५ ने, आणि सर्वांत मोठा लागणाऱ्यांचा जवळजवळ २० ने जास्त आला. म्हणजे खरा १२८ असलेल्या बाईला १४८ सांगितला जाईल आणि नको ती गोळी सुरू होईल. घट्ट ब्लाऊजची बाही वर सरकवून पट्टा लावला तर बाहीचाच आवळपट्टा होतो आणि आकड्याचा भरवसा राहत नाही. त्यामुळे बीपी तपासायला येताना सैल बाहीचा ब्लाऊज किंवा कुर्ता घाला, आणि 'डॉक्टर, मोठा पट्टा आहे का?' असे न लाजता विचारा. घरचे यंत्र घेताना दंडाचा घेर मोजून मग दुकानात जा.

चालायला जा, असे आम्ही सांगतो. पण काय घालून? हा प्रश्न मी आता आवर्जून विचारते. वडाळे तलावाच्या काठाने पहाटे चालणाऱ्यांत मोठ्या अंगाच्या बायका का कमी, तर साडीत झपझप चालता येत नाही, पंजाबी ड्रेस त्यांच्या मापाचा नाही आणि मांडीला मांडी घासून साल जाते. घरच्यांना माझी विनंती आहे की आहाराच्या पावडरींवर हजारो रुपये घालण्याऐवजी तिला अंगाला नीट येणारे दोन सुती कुर्ते, आतून घालायला मांड्या झाकणारी सुती चड्डी, रुंद पट्ट्यांची आणि बरोबर मापाची ब्रा आणि चांगले बूट घेऊन द्या. अरुंद पट्ट्यांनी खांद्यात रुतून मानेचे दुखणे लागलेल्या कितीतरी बायका वर्षानुवर्षे वेदनाशामक गोळ्या खात असतात.

आपल्या कोकणच्या दमट हवेत घट्ट कपड्यांखाली, स्तनांखाली, पोटाच्या घडीत आणि जांघेत घाम साचून कातडी लाल होते, खाजते, मग नायटा धरतो. त्या जागा रोज धुऊन पूर्ण कोरड्या कराव्यात, सुती कापड वापरावे, आणि मेडिकलमधून विचारून आणलेली, स्टेरॉइड मिसळलेली मलमे लावू नयेत. नायटा त्याने आधी दबतो आणि नंतर अंगभर पसरतो. परकराची नाडी रोज त्याच रेषेवर करकचून बांधणाऱ्यांच्या कमरेला काळा वळ पडतो, कातडी पातळ होते. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने तिथे न भरणारी जखम झाली तर क्वचित तिचा कर्करोग होतो. वर्धा आणि बिहारमधील मधुबनी येथील डॉक्टरांनी २०२४ मध्ये सत्तरीच्या आसपासच्या अशा दोन स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. त्यातली एक लुगडे नेसणारी होती. हे फार विरळ आहे, घाबरू नका. नाडीऐवजी रुंद पट्टा शिवून घ्या, गाठ सैल आणि रोज थोडी वरखाली बांधा, घरात असताना सैल गाऊन घाला. मात्र कमरेवरची एखादी जखम महिना-दीड महिन्यात भरली नाही, तर ती साडीखाली झाकून ठेवू नका, डॉक्टरांना दाखवा.